परतीची वाट

इसापनीतीतील कोल्ह्याची गोष्ट शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हातारा सिंह आजाराचे निमित्त करून गुहेत पडून राहिला होता आणि समाचाराला येणाऱ्या प्राण्यांना तेथेच गट्ट करीत होता. कोल्हा मात्र दाराबाहेर उभा राहिला. आत का येत नाहीस, असे सिंहाने विचारले, तेव्हा आत गेलेली पावले पुष्कळ दिसतात, बाहेर आलेले एकही दिसत नाही, असे सांगून त्याने काढता पाय घेतला. कोठेही शिरण्यापूर्वी परतीची वाट पाहून ठेवावी, हा त्या कथेचा बोध.

आज कोट्यवधी माणसे संगणकावर किंवा हातातल्या फोनवर दररोज कितीतरी अनोळखी पानांत शिरतात, आणि कोल्ह्याइतकी चौकशी त्यांतला क्वचितच कोणी करतो. हा केवळ उतावीळपणा नव्हे. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात मागे वळलेला एक लहानसा बाण असतो. फोनवर तेच काम बोटाच्या एका सरकीने होते. तो बाण दाबला की जेथून आलो तेथे सुखरूप परतता येते, असा लोकांचा भरवसा आहे. हा भरवसा कशावर उभा आहे, बाणामागची वही कोण लिहितो, आणि त्या वहीला हात लावण्याचा अधिकार पानाच्या कर्त्याला किती असावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वहीची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. संकेतस्थळांची पाने दाखविणाऱ्या साधनाला ब्राउझर म्हणतात. मराठीत काही लेखक त्याला न्याहाळक असेही म्हणतात. हा ब्राउझर दोन वह्या ठेवतो, आणि लोक त्या दोहोंना ‘हिस्टरी’ किंवा इतिहास या एकाच नावाने ओळखतात. घोटाळा तेथेच सुरू होतो. पहिली वही रोजनिशीसारखी आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणते पान उघडले, याची नोंद तिच्यात असते. दुसरी वही उघडलेल्या प्रत्येक टॅबपुरती स्वतंत्र असते. पाने ज्या क्रमाने पाहिली त्या क्रमाने तिच्यात एकाखाली एक लिहिली जातात आणि सध्या समोर असलेल्या पानाच्या ओळीवर एक खूण ठेवलेली असते. मागचा बाण ही खूण एक ओळ वर नेतो, पुढचा बाण ती एक ओळ खाली आणतो. बाणांचा संबंध या दुसऱ्या वहीशी आहे, रोजनिशीशी नाही.

एक उदाहरण घ्यावे. इंदूरचा एक विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचे मुख्य पान उघडतो, तेथून परीक्षांच्या पानावर जातो आणि तेथून वेळापत्रकावर. वहीत तीन ओळी झाल्या. दोनदा बाण दाबून तो मुख्य पानावर परत येतो. तिन्ही ओळी अजून शाबूत असतात. खूण तेवढी पहिल्या ओळीवर आलेली असते. आता त्याने पुढचा बाण दाबला, तर परीक्षांचे पान पुन्हा समोर येईल. परंतु तसे न करता त्याने मुख्य पानावरील शिष्यवृत्तीचा दुवा दाबला, तर परीक्षा आणि वेळापत्रक या दोन्ही ओळी वहीतून गळून पडतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या ओळीवर शिष्यवृत्तीचे पान लिहिले जाते. ‘मघाशी पाहिलेले पान आता कितीही पुढे-मागे केले तरी सापडत नाही’, ही पुष्कळांची तक्रार असते. तिचे मूळ या नियमात आहे. अशा वेळी बाणांशी झटापट न करता रोजनिशी उघडावी. गळालेली पाने तेथे नोंदलेली असतात.

वाचकाच्या पावलांचा माग ठेवण्याची ही कल्पना संगणकाच्या पडद्याहून जुनी आहे. व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४५ साली ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले होते. मेमेक्स असे नाव दिलेल्या त्या यंत्रात वाचकाने एका ग्रंथावरून दुसऱ्यावर जाताना आखलेली वाट जपून ठेवावी, आणि पुढे तीच वाट दुसऱ्या अभ्यासकाच्या हाती देता यावी, असा त्याचा विचार होता. दुव्यांनी जोडलेल्या अशा लेखनाला टेड नेल्सन याने १९६५ साली हायपरटेक्स्ट हे नाव दिले. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जागतिक जाळ्याची योजना मांडली आणि १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. इलिनॉय विद्यापीठातून १९९३ साली बाहेर पडलेल्या मोझॅकमुळे हे साधन सामान्य माणसाच्या हाती आले.

लोक हे साधन कसे वापरतात, याची पाहणी तेव्हापासूनच होऊ लागली. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की वाचकांच्या हालचालींपैकी सुमारे ५२ टक्के दुवे दाबण्याच्या होत्या आणि सुमारे ४१ टक्के मागे जाण्याच्या. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या १९९७ सालच्या अभ्यासात, उघडलेल्या पानांपैकी सुमारे ५८ टक्के पाने पूर्वी एकदा पाहिलेलीच होती, असे आढळले. म्हणजे जाळ्यावरचा प्रवासी सतत पुढेच धावणारा नसतो. तो घराच्या अंगणातून पुनःपुन्हा बाहेर जाऊन परत येणाऱ्या मुलासारखा असतो.

आता या वहीला पानाचा हात कसा लागला, ते पाहणे ओघानेच येते. आरंभी संकेतस्थळाचे पान म्हणजे छापील कागदासारखी निश्चल वस्तू होती. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक याने मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत एका लहान भाषेचा पहिला नमुना तयार केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट या नावाने प्रसिद्धीस आली. या भाषेतील आज्ञा पानातच लिहिलेल्या असतात आणि वाचकाच्या संगणकावर पाळल्या जातात. भरलेला अर्ज अपुरा आहे हे जागच्या जागी सांगणे, चित्र बदलणे, यांसारख्या कामांबरोबरच या भाषेला ‘हिस्टरी’ नावाची एक वस्तू मिळाली, आणि तिच्याद्वारे पान दुसऱ्या वहीशी बोलू लागले.

या वस्तूचे मूळ शब्द मोजकेच आहेत. ‘हिस्टरी डॉट बॅक’ म्हटले की खूण एक ओळ मागे जाते. ‘हिस्टरी डॉट फॉरवर्ड’ म्हटले की एक ओळ पुढे. ‘हिस्टरी डॉट गो’ या आज्ञेला कंसात आकडा द्यावा लागतो. उणे दोन दिले तर दोन पाने मागे, अधिक एक दिले तर एक पान पुढे. शून्य दिले तर तेच पान नव्याने आणले जाते. वहीत नसलेल्या ओळीवर जाण्यास सांगितले, तर ब्राउझर तक्रारही करीत नाही आणि हलतही नाही. ‘हिस्टरी डॉट लेंग्थ’ हा चौथा शब्द वहीत एकूण किती ओळी आहेत ते सांगतो. समोरचे पानही त्या गणतीत धरलेले असते.

परंतु या वस्तूने काय सांगितले यापेक्षा काय सांगितले नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. पानाला ओळींची संख्या कळते. परक्या ओळींत काय लिहिले आहे, ते कळत नाही. आपण कितव्या ओळीवर आहोत, हेही त्या संख्येवरून ठरविता येत नाही. ही मर्यादा हेतुपुरस्सर आहे. एखादी गृहिणी एका पानावर दुर्धर आजाराची माहिती वाचते, दुसऱ्यावर आपल्या बँकेचे खाते पाहते, आणि मग लुगड्यांच्या दुकानाचे पान उघडते. दुकानदाराला पहिल्या दोन पानांचे पत्ते वाचता आले, तर तिचे दुखणे आणि तिची पुंजी दोन्ही परक्याच्या हाती लागतील. पाहुण्याला जिन्याने वर-खाली जाण्याची मुभा असावी; पण बिऱ्हाडांच्या बंद दारांआडचे पाहण्याची नसावी, तसा हा नियम आहे.

तरीही एक फट राहिलीच. पाहिलेला दुवा जांभळा आणि न पाहिलेला निळा दाखविण्याची चाल जुनी आहे. काही चतुर पानांनी हजारो पत्त्यांचे दुवे वाचकाला न दिसतील असे मांडून प्रत्येकाचा रंग जावास्क्रिप्टद्वारे विचारण्यास आरंभ केला. रंगावरून वाचक कोठे कोठे गेला होता, ते उघड होई. मोझिला संस्थेने २०१० साली यावर तोड सुचविली आणि इतरांनी ती उचलली. तेव्हापासून वाचकाला रंग खरा दिसतो, पण पानाने विचारले तर ब्राउझर प्रत्येक दुवा न पाहिलेलाच आहे असे उत्तर देतो. पुढे २०२५ साली क्रोमने आणखी एक पाऊल टाकले. ज्या स्थळावरून दुवा दाबला, त्याच्याबाहेरील स्थळांना तो पाहिलेला म्हणून दिसू नये, अशी व्यवस्था त्याने केली.

यानंतरची अडचण निराळ्याच बाजूने आली. गूगलची जीमेल ही टपालसेवा एप्रिल २००४ मध्ये आणि नकाशांची सेवा फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाली. या सेवांत वाचक एका पत्रावरून दुसऱ्या पत्रावर जातो, नकाशावर गावामागून गावे पाहतो, पण पान मुळी बदलतच नाही. एकाच पानातला मजकूर जावास्क्रिप्ट पालटत राहते. या पद्धतीला त्याच वर्षी एजॅक्स हे नाव पडले. पान बदलले नाही म्हणजे वहीत ओळ पडली नाही. परिणाम असा, की या धर्तीच्या पुष्कळ स्थळांवर वाचकाने मागचे पत्र पाहण्यासाठी बाण दाबावा आणि पाऊण तास केलेल्या कामासकट सगळ्या सेवेच्याच बाहेर फेकला जावा. पायरी उतरण्यासाठी पाय टाकला आणि गच्चीवरून खाली आलो, अशी ही अवस्था.

प्रथम लोकांनी जोडाजोडीचा उपाय केला. पत्त्याच्या शेवटी फुलीसारखी हॅश ही खूण घालून पुढचा भाग बदलला, तर पान नव्याने येत नाही आणि वहीत ओळ मात्र पडते. या गुणाचा त्यांनी उपयोग करून घेतला. पुढे या कामासाठी स्वतंत्र शब्दच निर्माण झाले. ते २०१० च्या सुमारास ब्राउझरांत येऊ लागले, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये मान्य झालेल्या एचटीएमएल ५ या प्रमाणात त्यांना स्थान मिळाले. ‘पुशस्टेट’ ही आज्ञा वहीत नवी ओळ घालते. ‘रिप्लेसस्टेट’ नवी ओळ न घालता सध्याचीच ओळ बदलून लिहिते. वाचक बाण दाबून अशा ओळींमधून ये-जा करू लागला, म्हणजे ‘पॉपस्टेट’ नावाची वर्दी पानाला मिळते. ओळीसोबत एक चिठ्ठी ठेवता येते, आणि वर्दीबरोबर ती परत हाती येते. ‘तिसरे पत्र उघडे होते’ एवढे चिठ्ठीत लिहून ठेवले, की परतल्यावर ते पत्र पुन्हा मांडता येते.

या सोयीला एक कुंपण आहे. नव्या ओळीत लिहिला जाणारा पत्ता त्याच स्थळाचा असावा लागतो. तसे बंधन नसते, तर एखाद्या भामट्याने आपल्या पानावर बसून वर पत्त्याच्या जागी एखाद्या बँकेचे नाव झळकविले असते. पुढची जबाबदारी मात्र पानाच्या कर्त्यावर आहे. पुशस्टेट म्हटल्याने पत्ता बदलतो, मजकूर आपोआप बदलत नाही. आणि पॉपस्टेटची वर्दी आल्यावर मजकूर पूर्ववत मांडण्याचे कामही त्यालाच करावे लागते. तो विसरला, तर वरचा पत्ता बदलतो आणि खालचा मजकूर तसाच राहतो. स्थानकावरची पाटी बदलावी आणि गाडी जागची हलू नये, तसे ते होते. शिवाय असा पत्ता कोणी मित्राला पाठविला आणि त्याने तो नव्याने उघडला, तर पान पुरविणाऱ्या संगणकालाही तो ओळखता आला पाहिजे. नाहीतर तेथे काहीच सापडणार नाही.

नवी ओळ केव्हा घालावी आणि जुनीच केव्हा सुधारावी, हा विवेकाचा प्रश्न आहे. वाचक जेथे ‘गेलो’ असे म्हणेल, तेथे नवी ओळ योग्य. जेथे ‘जरा नीट केले’ असे म्हणेल, तेथे जुनीच ओळ बदलणे योग्य. शब्दकोशाच्या एखाद्या पानाने टंकलेल्या प्रत्येक अक्षरागणिक नवी ओळ घातली, तर सात अक्षरी शब्द शोधणाऱ्याला बाहेर पडण्यासाठी आठ वेळा बाण दाबावा लागेल. याच्या उलट, दहा पानी वृत्तांत वाचणाऱ्याच्या दहाही पानांची मिळून एकच ओळ ठेवली, तर त्याची सारी वाट पुसली जाईल. पानातच ‘मागे’ असे बटण घालून त्याला हिस्टरी डॉट बॅक जोडणाऱ्यांनीही सावध असावे. कोणी निरोपातला दुवा दाबून नव्या टॅबमध्ये थेट त्या पानावर आला असेल, तर त्याच्या वहीत मागे काहीच नसते आणि ते बटण मुके राहते. अशा ठिकाणी मुख्य पानाचा साधा दुवा अधिक प्रामाणिक.

येथपर्यंतचा विचार सोयीचा झाला. यापुढचा मुद्दा पैशाचा आणि सुरक्षिततेचा आहे. मागचा बाण डोळ्यांना मागे नेतो. केलेली कृती तो मागे घेत नाही. विजेचे बिल भरून झाल्यावर बाण दाबला, तर भरण्यापूर्वीचे पान दिसेल, पण पैसे परत आलेले नसतील. त्या पानावर पुन्हा ‘भरा’ म्हटले, तर दुसऱ्यांदा पैसे जाण्याचा संभव असतो. म्हणूनच व्यवहार चालू असताना मागे जाऊ नका, अशा सूचना लिहिलेल्या असतात. वस्तुतः यावर चांगली रीत उपलब्ध आहे. अर्ज स्वीकारल्याबरोबर पान पुरविणाऱ्या संगणकाने वाचकाला पावतीच्या स्वतंत्र पानाकडे वळवावे, म्हणजे ते पान पुन्हा मागविल्याने अर्ज दुसऱ्यांदा जात नाही. आणि प्रत्येक व्यवहाराला एकच क्रमांक देऊन तो दुसऱ्यांदा आल्यास नाकारावा. ही रीत पाळली, म्हणजे वाचकाला धाक घालण्याचे कारण उरत नाही.

दुसरा धोका सामायिक संगणकाचा. परतणे जलद व्हावे म्हणून ब्राउझर मागची पाने जशीच्या तशी स्मरणात ठेवतात. फायरफॉक्सने ही सोय २००५ साली आणली. क्रोमने ती फोनवर दिल्यानंतर २०२१ साली मेजावरच्या संगणकांनाही दिली. त्यामुळे ग्रंथालयातल्या किंवा सेवाकेंद्रातल्या संगणकावर एकाने आपले खाते पाहून ‘बाहेर पडा’ म्हटले, तरी पान काळजीने लिहिलेले नसेल, तर पुढच्या माणसाने बाण दाबताच पहिल्याची शिल्लक रक्कम पडद्यावर येऊ शकते. पान परतल्याची वर्दी ‘पेजशो’ या नावाने मिळते. ती ऐकून खाते अजून चालू आहे काय, हे तपासणे कर्त्याचे काम. वापरणाऱ्याने आपल्यापुरती एक सवय लावून घ्यावी. सामायिक संगणकावर खासगी खिडकी उघडावी आणि काम संपताच ती खिडकीच बंद करावी.

तिसरा धोका सिंहाच्या गुहेचा. काही पाने वाचक आत येताच पुशस्टेटने वहीत आपल्याच ओळी भरून ठेवतात. तो बाण दाबतो आणि पुन्हा तेथेच येतो. पुन्हा दाबतो आणि जाहिरात पाहतो. कधी ‘तुमच्या संगणकाला लागण झाली आहे, अमुक क्रमांकावर फोन करा’, अशी भीती दाखविली जाते. वृद्ध आणि या साधनाला नवखी असलेली माणसे अशा वेळी हबकतात आणि लुबाडली जातात. क्रोमसारख्या ब्राउझरांनी यावर एक उपाय योजला आहे. वाचकाने पानाला स्पर्शही न करता पानाने घातलेल्या ओळी, बाण दाबल्यावर ओलांडून टाकल्या जातात. तरी पळवाटा उरतातच. म्हणून श्रोत्यांनी एक युक्ती लक्षात ठेवावी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही दाखवून द्यावी. संगणकावर मागचा बाण क्षणभर दाबून धरला, की मागच्या पानांची यादी उलगडते; त्यातून सापळ्याच्या आधीचे पान निवडता येते. तेही न जमल्यास टॅब बंद करावी. पडद्यावर दाखविलेल्या क्रमांकावर मात्र केव्हाही फोन करू नये.

जुन्या शब्दांतील उणिवा भरून काढण्यासाठी ‘नॅव्हिगेशन’ नावाची नवी वस्तू क्रोमने २०२२ साली आणली. तिच्यामुळे पानाला स्वतःच्याच स्थळाच्या ओळी वाचता येतात, आपण कितव्या ओळीवर आहोत ते समजते, आणि मागे जाण्यास जागा आहे काय, हे आधी विचारता येते. परक्या स्थळांच्या ओळी तिलाही दिसत नाहीत. जवळजवळ तीस वर्षांत शब्द वाढले, सोयी वाढल्या, पण ते मूळचे कुंपण हलविण्यात आलेले नाही.

आज पुष्कळ मुले जावास्क्रिप्ट शिकत आहेत. त्यांतली काही उद्या रुग्णालयांची, बँकांची आणि कचेऱ्यांची पाने लिहितील. हिस्टरी डॉट बॅक ही आज्ञा त्यांना पाच मिनिटांत येईल. तिच्याबरोबरच शिकविण्यासारखी गोष्ट ही, की ती वही वाचकाची आहे. तिच्यात ओळ घालण्याची परवानगी पानाला मिळाली आहे, ती वाचकाची वाट त्याला पुन्हा सापडावी म्हणून. त्याला अडवून ठेवण्यासाठी नव्हे. आपले पान लिहून झाले, की एखाद्या नवख्या माणसाला त्याच्यासमोर बसवावे, चार ठिकाणी हिंडू द्यावे आणि मग मागचा बाण दाबण्यास सांगावे. तो गोंधळला नाही, तर काम चांगले झाले असे समजावे.